मन्मथअप्पांचे साठ पॉइंट

कुणी लग्नाची पत्रिका दिली की माणूस काय विचारतो? मुहूर्त कितीचा, मुलगी कुणाची, जेवण कुठं. आमचे मन्मथअप्पा पत्रिका दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि विचारतात, "ह्यातून मला शिकायला काय मिळंल?"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पत्रिका माझ्या नणंदेच्या लग्नाची होती आणि द्यायला मीच गेले होते. मी म्हणाले, "अप्पा, वरणभात मिळेल, बुंदी मिळेल. शिकायचं काय त्यात?"

"तसं न्हाई ताई. मंडपवाला, आचारी, बँडवाला, गाडीवाला. चार ठेकेदार एका दिवशी एका जागी. लई मोठा प्रकल्प हाय हा. मी येतो. दोन तास आधी येतो."

आणि खरंच आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत लांबडी वही. आचाऱ्याच्या मागं मागं फिरत होते. भात आधी चढवता का भाजी, गॅस संपला तर दुसरा कुठाय, वाढपी किती, त्यातला एखादा आलाच न्हाई तर काय करता. आचाऱ्याला वाटलं अन्नभेसळीचा साहेब आलाय. त्यानं घाईघाईनं तेलाच्या डब्यांवर पोतं टाकलं.

लग्न पार पडलं. नणंद गेली सासरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात अप्पा हजर. "सगळ्यांला बोलवा. काम संपलं की एकदा बसायचं असतंय. काय चुकलं, काय शिकलो." लग्नघरात दुसऱ्या दिवशी माणसांची काय गत असते ते तुम्हाला माहीत आहे. पाय सुजलेले, घसे बसलेले, अर्धे लोक सतरंजीवर आडवे. पण अप्पांना नाही म्हणवेना, म्हणून बसलो. अप्पांनी वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं, "चूक पहिली. मठ्ठा तिसऱ्या पंगतीला संपला. कारण, ताक आणायचं काम कुणाकडं हाय हे कुठंच लिहिलेलं न्हाई."

झालं! माझे दीर आणि चुलतसासरे यांच्यात 'ताक तू आणणार होतास' यावरून जी जुंपली, ती दिवाळीपर्यंत मिटली नाही. अप्पांनी शांतपणे वही मिटली, पेन्सिल कानामागं खोवली आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, "ताई, ह्याचा अर्धा पॉइंट धरावा म्हंतो."

आता हे पॉइंट म्हणजे काय ते सांगते, म्हणजे तुमचा माझ्यासारखा गोंधळ व्हायला नको.

अहमदपुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मधल्या खोलीत सासूबाई पलंगावर असतात. त्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून उजवी बाजू हलत नाही आणि बोलणंही मोजकंच येतं. गल्लीत इंटरनेट फक्त माझ्याकडं, म्हणून अप्पा माझ्याकडं यायला लागले.

अप्पांकडं प्रकल्प व्यवस्थापनाचं एक सर्टिफिकेट आहे. साधंसुधं नाही, साता समुद्रापलीकडचं. जगभर चालतं म्हणे. फक्त अहमदपुरात चालत नाही, कारण अहमदपुरात ते काय असतं हेच कुणाला माहीत नाही. पूर्वी अप्पा पुण्यात एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते. शिक्षण डिप्लोमा. हाताखालून गेलेली पोरं साहेब झाली आणि अप्पा तिथंच राहिले. मग पन्नाशीच्या आसपास त्यांनी डिक्शनरी घेऊन ह्या परीक्षेचा अभ्यास केला, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. आणि पास झाल्यावर महिन्याभरात नोकरी सोडून गावी आले. का, ते तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं, एवढंच आम्हाला माहीत. आता ते लोकांच्या घरांच्या बांधकामावर देखरेख करतात. वीट कुणी उन्हात ठेवली आणि पाणी कुणी मारलं नाही हे बघायला एवढं मोठं सर्टिफिकेट कशाला, असं मी त्यांना तोंडावर विचारलेलं आहे. माझी जीभ तशीच आहे.

तर ह्या सर्टिफिकेटची गंमत अशी की एकदा पास झालात म्हणून संपलं नाही. दर तीन वर्षांत तुम्ही साठ तासांचं नवीन शिक्षण घेतलं पाहिजे, किंवा दुसऱ्याला शिकवलं पाहिजे, किंवा समाजाचं काम केलं पाहिजे. तासाला एक पॉइंट. साठ पॉइंट भरले तर सर्टिफिकेट पुढं चालू, नाहीतर तुमचं नाव यादीतून गेलं. आपल्याकडं माणूस एकदा बी.ए. झाला की मरेपर्यंत बी.ए. राहतो. ह्यांचं आपलं वेगळंच.

अप्पा पॉइंट आधी पेन्सिलीनं लिहितात. मग माझ्याकडं येऊन नियमांचं इंग्रजी पुस्तक उघडायला लावतात, बोट ठेवून वाचतात, आणि नियमात बसलं तरच त्यावर पेन फिरवतात. माझ्या नणंदेच्या लग्नाचा अर्धा पॉइंट आठ दिवस पेन्सिलीत होता. शेवटी त्यांनी स्वतःच खोडला. "न्हाई बसत ताई. जेवलो मी तिथं."

संध्याकाळी सात वाजता परदेशातून लेक्चर लागायचं. अप्पा हातपाय धुऊन, शर्ट बदलून, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. लेक्चर सुरू व्हायच्या आधी सगळे आपापल्या गावाचं नाव टाइप करतात. अप्पा एका बोटानं टाइप करायचे, 'गुड इव्हनिंग फ्रॉम अहमदपूर.' पाच मिनिटं लागायची. तोवर शिकवणाऱ्यानं सुरुवात केलेली असायची. मग कुणीतरी उत्तर द्यायचं, गुड इव्हनिंग मन्मथ. अप्पा वळून मला सांगायचे, "ओळखतात मला तिथं."

मी म्हणायचे, "अहो अप्पा, ते सगळ्यांनाच म्हणतात."

"सगळ्यांला कसं? मन्मथ म्हनले की."

एकदा मला म्हणाले, "ताई, त्या यादीत गावाचं नाव घालून बघा." जगभरच्या सर्टिफिकेटवाल्यांची यादी नेटवर असते. मी अहमदपूर टाकलं. एकच नाव आलं. अप्पा खुर्ची पुढं ओढून बराच वेळ बघत बसले. "मी गेलो तर यादीत अहमदपूरच राहत न्हाई," म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं.

ते दिवस दुष्काळाचे. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. आणि त्यातच नव्या जिल्ह्याची हवा. उदगीर जिल्हा होणार, अहमदपूर त्यात जाणार, नाही नाही, अहमदपूरच जिल्हा होणार. फॉर्म भरायला आलेला माणूस मला विचारायचा, जिल्हा कोणता टाकू? जणू काही मीच सही करणार होते. अप्पांना याचं अजिबात कौतुक नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या कागदावर जिल्हा बिदर, अप्पांच्या जन्माच्या दाखल्यावर उस्मानाबाद, आणि सर्टिफिकेटच्या पत्त्यात लातूर. "घर जागचं हललं न्हाई," ते म्हणायचे, "तीन जिल्हे झाले. आता चौथा आला तरी पाइपला पाणी येनार हाय का, ते सांगा."

पाणी खरंच नव्हतं. गल्लीत पाचव्या-सहाव्या दिवशी टँकर यायचा, संध्याकाळी सातच्या सुमारास. टँकर वळणावर दिसला की जो काही गोंधळ! टिपाडं, घागरी, हंडे, ड्रम. ज्याचा पाइप लांब त्याचं पाणी. आमच्या गल्लीत लांब पाइप माजी नगरसेवक नानांचा. नाना मनानं वाईट नाहीत, पण पाणी आलं की त्यांना आजूबाजूचं दिसत नाही. आमचं घर गल्लीच्या पार टोकाला. माझ्या घरी एक बाई पलंगावर, तिचं सगळं जागेवर, रोज दोन चादरी धुवाव्या लागत. दोनदा असं झालं की टँकर आमच्यापर्यंत येईतो रिकामा. मी सासूबाईंना ओल्या फडक्यानं पुसून काढलं आणि मोरीत जाऊन रडले. कुणाला सांगणार? सगळ्यांचंच तेच.

अप्पांना मी काही बोलले नव्हते. पण ते रोज माझ्याकडं येत होते, दोरीवर चादरी वाळत नाहीत हे त्यांना दिसलं असणार. दुसऱ्यांदा तसं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी गल्ली गोळा केली. महादेवाच्या ओट्यावर जुनं कॅलेंडर उलटं टांगलं, त्यावर स्केचपेननं सगळी घरं काढलेली.

"क्रिटिकल पाथ," अप्पा म्हणाले.

"काय?" नाना म्हणाले.

"कुठल्या घरी पाणी उशिरा गेलं तर कुणाचं अडतंय, ते बघायचं. तुमच्या घरी उशीर झाला तर तुमाला राग येतोय, नाना. ताईच्या घरी उशीर झाला तर माणूस ओलं पडून राहतंय. म्हनून टँकर टोकाला जाईल, आधी ताईचं घर भरंल, मग मागं मागं येईल. बोला, कुणाला अडचण हाय?"

नाना खोकले. माझं काय झालं सांगू? आजवर ज्या माणसाला मी लेक्चरवरून, पॉइंटवरून टोमणे मारत आले, त्यानं चारचौघांत माझ्या घराची लाज राखली होती. मी नुसती मान हलवली.

पण अप्पा ते अप्पा! दुसऱ्या दिवशी ओट्याच्या भिंतीवर दुसरा कागद. वर मथळा, 'जोखमींची यादी'. आणि खाली, 'जोखीम क्रमांक एक : नाना. पाइप मधूनच आपल्या घरात ओढण्याची शक्यता : जास्त.' खुशाल! सगळ्यांना वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात. मी धावत गेले, "अप्पा, काढा तो कागद, मारामारी होईल!" तर म्हणाले, "ताई, जोखमींची यादी लपवायची नसतीया. सगळ्यांला दिसंल अशी लावायची. नियम हाय."

नाना आले. वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. "मन्मथअप्पा," नाना म्हणाले, "हे काय लिहून ठेवलंय?"

"बरं झालं आलात. खालची ओळ र्‍हायली होती." अप्पांनी खिशातून स्केचपेन काढलं आणि नानांसमोरच लिहिलं, 'ही जोखीम सांभाळणार : नाना.' मग म्हणाले, "जोखीम ज्याला सगळ्यात जास्त कळती, त्याच्याकडंच द्यायची. पाइप मधी कसा ओढत्यात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक हाय?"

नाना आधी लाल झाले. मग त्यांना हसू फुटलं. आणि त्या दिवसापासून पाइपची राखण नाना करायला लागले. अहो, इतकी कडक, की त्यांच्या सख्ख्या भावजयीला त्यांनी एक कळशी जास्त भरू दिली नाही.

असा तो उन्हाळा निघाला. अप्पा टँकरच्या दिवशी सहापासून वळणावर उभे राहायचे. टँकर नाही आला तर नगरपालिकेत चकरा, ड्रायव्हरला फोन, टँकर भरतात त्या विहिरीवर जाऊन नंबर. लेक्चरची वेळ सातची आणि टँकरचीही सातची. आधी एक लेक्चर चुकलं, मग दोन, मग मी मोजायचं सोडून दिलं. कधी टँकर येऊन गेल्यावर धापा टाकत यायचे, तोवर लेक्चर संपत आलेलं असायचं. त्यात केनियातली एक बाई असायची, उशिराचं कारण अप्पांनी तिला एकदा लिहिलं होतं, ती आवर्जून विचारायची, मन्मथ, पाणी आलं का? अप्पा लिहायचे, 'येस.' आणि संपूर्ण लेक्चर ऐकलेलं नाही म्हणून पॉइंट धरायचे नाहीत.

एका दुपारी ते आले. वही पुढं केली. एकोणपन्नास भरले होते, सगळे पेननं. अकरा कमी. मुदत संपायला नऊ दिवस राहिलेले.

"नऊ दिवसांत लेक्चरं किती?"

"दोन. एकेक तासाची. आन् दोन्ही टँकरच्याच दिवशी." ते वही चाळत राहिले. "जाईल ताई ह्या खेपेला."

मला वाईट वाटलं, आणि मग एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो अप्पा! टँकर! समाजाचं काम धरतात ना? उन्हाळाभर तुम्ही किती तास घातले? साठ काय, दोनशे होतील. आणा वही, मी आत्ता भरते."

अप्पा म्हणाले, "न्हाई."

"का न्हाई? नियमात बसतं. मी वाचलंय."

"बसतंय. पन त्याला लोकांचं दस्तखत लागतंय. ह्या मानसानं आम्हाला एवढे एवढे तास सेवा दिली, म्हनून." त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "तहान लागलेल्या मानसाला पाणी दिलं आन् त्याच्या दारात जाऊन म्हनू, ह्याची पावती दे? मला न्हाई जमायचं. आन् तुमीबी माझ्या माघारी जाऊ नका. शपथ हाय तुमाला."

मी हुज्जत घालून बघितली. अप्पा हलेनात. वही उचलून निघाले. दारात थांबून म्हणाले, "यादीत नाव घालून बघायचं ना, ते आता बघू नका." एवढं काय आहे त्या कागदात, हे मला अजून कळलेलं नव्हतं. पण ज्या माणसानं माझ्या सासूच्या अंथरुणासाठी टँकर वळवला, त्याचा कागद माझ्या कॉम्प्युटरसमोर रद्द व्हावा, हे मला सोसणारं नव्हतं.

रात्रीची वाट न बघता लगेच दुपारीच मी ते इंग्रजी पुस्तक उघडून बसले. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली बाई मी, पण वाचत गेले. आणि सापडलं. दुसऱ्याला हा विषय शिकवला तर तासाला एक पॉइंट. पुरावा म्हणून विषयांची यादी आणि हजेरीचा कागद. बस्स.

अप्पांकडं गेले. "पाण्याची पावती नको, ठीक. शिकवायला तर हरकत नाही ना? रोज चार ते सहा, माझ्या अंगणात. पाच दिवसांचे दहा तास, सहाव्या दिवशी एक."

"शिकवीन की. पन येनार कोन?"

खरा प्रश्न तोच होता. अप्पा बोलायला लागले की आमची गल्ली गॅसवर दूध ठेवलंय म्हणून पळायची. ती अकरा तास बसणार? मी घरोघर गेले. कुणाला खोटं सांगितलं नाही. म्हणाले, अप्पांचं सर्टिफिकेट जातंय, टँकरपायी लेक्चरं बुडाली, आपल्याला अकरा तास बसायचंय. पापडवाल्या शेवंताबाई म्हणाल्या, "अगं बाई, अकरा तास? माझ्या लग्नालाबी एवढा वेळ लागला न्हाई." पण पुढच्याच वाक्याला, "किती वाजता यायचं?" नाना तर म्हणाले, "जोखीम क्रमांक एक मीच न्हाई का? मी पुढच्या रांगेत."

पहिल्या दिवशी सतरंजी पुरली नाही. बायका, बाप्ये, जुना फळा घेऊन आलेले निवृत्त मास्तर, टेलर, किराणावाला. सासूबाईंचा पलंग मी दारापर्यंत ओढला. अप्पांनी गर्दी बघितली. पहिलं वाक्य इंग्रजीत बोलले, घाबरून. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "प्रकल्प म्हंजे काय, कुणी सांगंल?"

शेवंताबाईंनी हात वर केला. "ज्याला सुरुवात हाय, शेवट हाय, आन् मधी नुसती कटकट हाय, ते."

अप्पांनी डोळे विस्फारले. "तीन वर्षं ऐकतोय मी, एवढं नीट कुणी सांगितलं न्हाई," म्हणाले आणि ते वाक्य फळ्यावर लिहिलं. शेवंताबाई दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून आल्या.

नानांनी विचारलं, "मग नवा जिल्हा हा प्रकल्प हाय का?"

"त्याला शेवटाची तारीख हाय का?"

"न्हाई."

"मग प्रकल्प न्हाई. इच्छा हाय ती."

खूप हसलो त्या दिवसांत आम्ही. दुसऱ्या दिवसापर्यंत लोक अप्पांसाठी येत होते, तिसऱ्या दिवसापासून स्वतःसाठी यायला लागले. टेलरनं लग्नसराईच्या कपड्यांचा तक्ता करून आणला. शेवंताबाईंनी पापडाच्या जोखमींची यादी केली, पहिलीच ओळ, 'ढग'. नाना म्हणाले, "बाई, ढग आले तर पेढे वाटू, तुमचे पापड जाऊ द्या." अप्पा फळ्यासमोर असे उजळून निघाले होते की मी मनात म्हटलं, अरे, हा माणूस इतकी वर्षं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला गुड इव्हनिंग करत बसला होता.

सहावा दिवस. शेवटचा तास. विषय होता, काम बंद कसं करायचं. अप्पांनी तोच आपला ठेका धरला, काय चुकलं, काय शिकलो. नानांना चेष्टेची लहर आली. "अप्पा, सगळ्यांच्या चुका काढता. तुमची सगळ्यात मोठी चूक कोनती, ते लिहा की फळ्यावर."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि स्टुलावर बसले.

"बायको लातूरला दवाखान्यात होती," ते म्हणाले. "आन् परीक्षा हैदराबादला. तिसऱ्या खेपेची. मी म्हनलो, न्हाई जात. ती म्हनली, दोनदा नापास झालात ते झालात, तिसऱ्यांदा माझ्या नावावर घालू नका. पास होऊन या. गेलो. तिथं मोबाइल आत नेऊ देत न्हाईत, लोखंडी पेटीत ठेवून किल्ली आपल्याकडं देतात. चार तासांचा पेपर. संपला की तिथंच निकाल दिसतो. पास. पळत आलो पेटीकडं, तिला फोन लावायला. पेटी उघडली तर भावाचे फोनच फोन येऊन गेलेले." त्यांनी बोटांवरचा खडू पुसला. "तिला कळलंच न्हाई पास झालो ते."

मग आम्हा सगळ्यांकडं बघून म्हणाले,

"लोक म्हनतात, अप्पा, त्या कागदाचा इथं काय उपेग? न्हाई उपेग. मला म्हाईत हाय. पन तो कागद जर गेला, तर त्या दिवशी मी तिच्याजवळ न बसता कुठं होतो, ह्याचं काय उत्तर देऊ मी?"

मला रडू फुटलं, लपवत नाही. नानांनी मान खाली घातली ती वर केली नाही. ज्या कागदाची मी इतकी वर्षं चेष्टा केली, त्याला हा माणूस एकेक तास घालून जगवत होता, आणि तोच कागद आमच्या टँकरपायी सोडून द्यायला निघाला होता. एका शब्दानं बोलला नव्हता. मी पदरानं तोंड पुसलं आणि हजेरीचा कागद फिरवला. सगळ्यांनी सह्या केल्या. सासूबाईंनी डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. त्यांचं नाव हजेरीत नव्हतं, ते मी तिथंच लिहिलं.

अकरा तास मी त्याच दिवशी भरले. चौथ्या दिवशी उत्तर आलं. अभिनंदन मन्मथ, पुढच्या तीन वर्षांसाठी तुमचं सर्टिफिकेट चालू आहे. अप्पांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, तुमचे लई उपकार झाले." मी म्हणाले, "अप्पा, असं बोलाल तर मला तुमच्या पाया पडावं लागेल." त्यांनी वही काखेत मारली. घरी गेले.

मी ही बातमी गल्लीत सांगून आले. आणि त्या दिवशी चार वाजता काय बघते, तर अंगणात शेवंताबाई सतरंजी झटकत होत्या. टेलर आला, मास्तर आले, नाना पुढच्या रांगेत येऊन बसले. मी कुणाला बोलावलं नव्हतं, देवाशप्पथ. मीच मग अप्पांना हाक मारून आणलं. ते दारात थबकले.

"आरं, अकरा तास झाले की," म्हणाले. "सर्टिफिकेट आलं. आता कामून बसलात?"

"तुमचे तास झाले," शेवंताबाई म्हणाल्या. "आमाला कुठं समजलंय अजून?"

अप्पांनी एकेकाकडं बघितलं. खडू हातात घेतला. "कुठवर आलो होतो आपन?"

नाना म्हणाले, "शेवटापर्यंत आलो होतो. तुमी पुन्यांदा पहिल्यापासून घ्या."

अप्पांनी फळा पुसला आणि विचारलं, "प्रकल्प म्हंजे काय, कुणी सांगंल?" शेवंताबाईंनी हात वर केला.